स्टेटस ठेवणाऱ्या पोरांबद्दल

आता माझ्या डिझाईनच्या दुकानात फ्लेक्सच्या ऑर्डरीपेक्षा ‘व्हॉट्सअॅपला ठेवायला साहेबांचं स्टेटस बनवून द्या’ म्हणणारी पोरं जास्त येतात. फ्लेक्सला स्क्वेअर फुटाचे पैसे पडतात, नगरपंचायतीची परवानगी लागते, वाऱ्याने फाटला तर परत बांधायला जावं लागतं. स्टेटसला यातलं काहीच लागत नाही. साहेब पांढऱ्या गाडीतून उतरतानाचा व्हिडिओ घ्यायचा, तो स्लो करायचा, मागे जोरकस गाणं टाकायचं, कोपऱ्यात स्वतःचा गोल फोटो आणि नाव. उभा आकार, १०८० बाय १९२०. अर्ध्या तासाचं काम. चोवीस तासांनी ते आपोआप पुसलं जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी पोरगा नवीन व्हिडिओ घेऊन परत येतो.

मी मूळचा पेंटर. सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या आसपासच्या गावांत भिंतींवर चुन्याचा हात मारायचा आणि वर गेरूने, निळीने पक्षांची चिन्हं काढायची, इथून माझी सुरुवात झाली. १९९५ साली राज्यात मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आला, निवडणूक आयोगही कडक झाला आणि भिंती हळूहळू मोकळ्या झाल्या. मग कॉम्प्युटरवर डिझाईन करायचं कोरलड्रॉ शिकलो, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायला लागलो, फ्लेक्सवर आलो. आता मोबाइलवर डिझाईन करायचं पिक्सेललॅब अॅप आहे आणि पोरांनी ग्रुपवरून आणलेल्या त्याच्या तयार पीएलपी फायली आहेत, नाव-फोटो बदलला की झालं. सगळ्या पक्षांची कामं घेतो, त्यामुळे सगळ्या पक्षांची पोरं जवळून बघतो. अठरा ते पंचवीस वयाचा मुलगा राजकारण म्हणजे काय हे आज कुठे शिकतो, याबद्दल मनात बरंच साचलंय. ते लिहून काढतो.

त्याची पहिली शाळा म्हणजे दिनविशेष. वर्षभर रोज कुणाची तरी जयंती, पुण्यतिथी, नाहीतर वाढदिवस. १२ मार्चला यशवंतराव चव्हाणांची जयंती, २५ नोव्हेंबरला पुण्यतिथी. १९ फेब्रुवारी आणि १४ एप्रिल या दिवशी तर रात्री बाराच्या ठोक्यालाच पोस्ट पडली पाहिजे, उशीर झाला तर पोरगा नाराज होतो. मधे थोर पुरुषाचा मोठा फोटो, त्याखाली ‘विनम्र अभिवादन’, आणि उजव्या हाताला हात जोडलेला हा पोरगा. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. क्रांतिसिंह नाना पाटील गेले तेही ६ डिसेंबरलाच, १९७६ साली. ज्या जिल्ह्यात त्यांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून लोकांनी चालवलेला कारभार, चाललं, त्या जिल्ह्यात क्रांतिसिंहांची पोस्ट मागायला आलेली पोरं मी फार थोडी पाहिली. एकाला विचारलं तर तो सरळ म्हणाला, “काका, त्यांची रेडी फाईल ग्रुपला आलीच नाही.”

मला हे उत्तर फार गंभीर वाटतं. कुणाला आठवायचं हे आता फाईल कुणाची आली यावर ठरायला लागलंय, आणि फाईल त्याची येते ज्याच्यासाठी कुठल्यातरी कार्यालयात पगारी माणूस बसवलेला असतो. आमच्या वडूजच्या कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ ला मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं जागेवर गेली. त्या दिवसाची पोस्ट मी स्वतः करतो, नावांसकट, आणि ग्रुपवर सोडतो. पोरं ती लावतात. नावं वाचतात. एखादा येऊन विचारतो की हे आपल्या शेजारच्या गावातले का. म्हणजे पोरांना आच आहे, यात मला शंका नाही. त्यांच्यापर्यंत काय पोचतंय, याची काळजी वाटते.

दुसरी शाळा फोटोंच्या मापाची. फ्लेक्सवर वरच्या ओळीत राज्याचे नेते, त्याखाली जिल्ह्याचे, मग तालुक्याचे, आणि तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून पोरांचे पासपोर्ट फोटो. कुणाचा फोटो किती सेंटिमीटर, यावरून माझ्या दुकानात भांडणं झाली आहेत. स्टेटसवर ही उतरंड तशीच आली, फक्त शुभेच्छुकाला स्वतःचं स्टेटस स्वतःच्या नावाने ठेवता येतं एवढा फरक पडला. शब्द ठरलेले: आधारवड, बाप माणूस, किंगमेकर, फिक्स आमदार. वयाच्या विसाव्या वर्षी पोराला पाठ झालेलं असतं की राजकारण म्हणजे कुणाच्या शेजारी आपला फोटो आहे.

पूर्वी सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. पूर्वीच्या पोरांनी सतरंज्या उचलल्या आणि पुढाऱ्यांच्या मुलांनी तिकिटं घेतली. पण सतरंजी उचलणारा सभेला थांबलेला असायचा. दीड तासाचं भाषण त्याच्या कानावरून गेलेलं असायचं, त्यात पाण्याचा विषय असायचा, कारखान्याच्या दराचा असायचा, समोरच्या पक्षाला दिलेलं उत्तर असायचं. मतदार यादी त्याला वाड्यावस्त्यांसकट पाठ असायची. चिठ्ठ्या वाटताना विरोधी घराच्या ओट्यावर बसून चहा प्यावा लागायचा. त्या चहात माणूस कळायचा.

आता सभेतलं काय उरतं, याचं आमच्या जिल्ह्यातलं मोठं उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा. विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूक होती. शरद पवार बोलायला उभे राहिले आणि पाऊस आला, ते थांबले नाहीत. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी भिजलेल्या पवारांचा फोटो नसलेला फोन मी पाहिला नाही. त्यांच्या विरोधातल्या पक्षाची पोरंसुद्धा तो बघत होती. त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील ती लोकसभेची निवडणूक जिंकले. पावसामुळे जिंकले का, हे सांगायला मी कोण. मला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. त्या भाषणात पवारांनी लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं उघड कबूल केलं होतं. पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने भर सभेत चूक कबूल करणं आपल्याकडे किती वेळा घडतं? त्या सभेतला सगळ्यात राजकीय क्षण तो होता. पुढच्या काही वर्षांत ज्या ज्या पोराला मी विचारलं त्याला पाऊस आठवत होता, कबुली कुणालाच आठवत नव्हती. तीस सेकंदांच्या तुकड्यात पाऊस मावतो. कबुली मावायला आधीचं पाच मिनिटांचं बोलणं ऐकावं लागतं.

हे काम रोज करतो म्हणून सांगतो, फोनवर काय चालेल हे पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरतं. अंगठा थांबला तर थांबला. त्यामुळे पहिल्याच फ्रेमला काहीतरी आदळावं लागतं: गाडीचा दरवाजा, वाघाची डरकाळी, नाहीतर समोरच्याचा अपमान. रस्त्याच्या कामाचा फोटो टाकला तर शंभरभर लोक बघतात. त्याच पोराने विरोधकाला टोमणा मारणारी रील टाकली की तालुका बघतो, कारण ती एकमेकांना पाठवली जाते आणि जे पाठवलं जातं ते इन्स्टाग्राम आणखी पुढे ढकलतं. पोरगा हे आठवड्याभरात शिकतो. त्याला कुणी द्वेष शिकवलेला नसतो. कशाला किती व्ह्यूज येतात एवढं त्याने मोजलेलं असतं, आणि त्या मोजमापाने त्याची भाषा बदलत जाते. हा बदल मी माझ्याच खुर्चीवर बसलेल्या पोरांमध्ये होताना बघितलाय. पहिल्यांदा मागतो ते ‘शुभेच्छा’, वर्षभराने मागतो ते ‘औकात दाखवली’.

पण सगळं खापर फोनवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. पोरं फोनवर गेली, कारण बाकीच्या जागा आपण मोठ्यांनी बंद केल्या.

मी कॉलेजला होतो तेव्हा सीआर, जीएस, यूआर म्हणजे वर्गाचा, कॉलेजचा आणि विद्यापीठाचा विद्यार्थी प्रतिनिधी निवडायच्या निवडणुका व्हायच्या. पुठ्ठ्यावर पोस्टर रंगवून मी माझे पहिले पैसे त्याच निवडणुकीत कमावले. मारामाऱ्याही व्हायच्या, खोटं नाही. मुंबईत तर खूनही झाला. त्या हिंसेचं कारण देऊन राज्यात कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, २०१९ मध्ये घेणार असं जाहीर झालं, मग त्या पुढे ढकलल्या आणि त्यानंतर कोरोना आला. म्हणजे दोन पिढ्या वर्गातल्या पोरांकडे जाऊन ‘मला मत दे’ म्हणायला, हरायला, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसायला शिकल्याच नाहीत. हरल्यानंतर त्याच बाकावर बसणं ही लोकशाहीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि ती रीलमध्ये शिकता येत नाही.

कॉलेज राहू दे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका २०१७ ला झाल्या. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण, गटांची रचना, कोर्ट, तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. या मधल्या सगळ्या काळात माझ्या दुकानात ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’ लिहिलेल्या पोस्टी अखंड चालू होत्या. विचार करा, २०२२ ला अठरा वर्षांचा झालेला पोरगा ज्या संस्थेला तोवर एकदाही मत देऊ शकला नव्हता, त्या संस्थेच्या भावी सदस्याचं स्टेटस तो वर्षानुवर्षं ठेवत होता. मत द्यायला जागा नव्हती आणि जयजयकाराला कितीही जागा होती. यातून पोराचं काय होणार?

फोनची ताकद मी नाकारत नाही. २०१६ च्या मराठा मूक मोर्च्यांचे मेसेज मी स्वतः टाइप करून दिलेत. कुठून निघायचं, घोषणा द्यायच्या नाहीत, बायका पुढे, पुरुष मागे, कचरा उचलायचा. लाखो लोकांनी ते मेसेज वाचले आणि पाळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि पुढे गावोगावी पोराच्या हातात नेट गेलं. मग १ सप्टेंबर २०२३ ला जालन्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. व्हिडिओ रात्रीतून राज्यभर फिरले आणि मनोज जरांगे हे नाव घराघरात गेलं. ऑक्टोबरात गावबंदीचे, म्हणजे पुढाऱ्यांनी गावात यायचं नाही असं सांगणारे फ्लेक्स सुरू झाले. पोरं फोनवर आलेला मजकूर दाखवायची आणि म्हणायची, “ह्यात फक्त गावाचं नाव बदला.” आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, वर्षानुवर्षं पुढाऱ्यांच्या खाली पासपोर्ट फोटो लावणाऱ्या पोरांनी पहिल्यांदा पुढाऱ्याचा एकही फोटो नसलेला फ्लेक्स मागितला होता. ते छापताना मला बरं वाटलं होतं, हे लिहायला संकोच नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये दहा तारखेच्या रात्री आमच्या खटाव तालुक्यात पुसेसावळी पेटली. निमित्त इन्स्टाग्रामवरच्या आक्षेपार्ह मजकुराचं. कुणी टाकला, अकाउंट कुणाचं, खरं का खोटं, याची शहानिशा व्हायच्या आत जमाव रस्त्यावर होता. एका तरुणाचा जीव गेला, बरेच जखमी झाले, दुकानं आणि गाड्या जळाल्या, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला. जूनमध्ये कोल्हापुरात स्टेटसवरूनच दंगल झाली होती, आणि तेव्हा आपण सगळे म्हणत होतो की आपल्याकडे असलं होणार नाही.

जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. माझं काम ठप्प. दुकान उघडं ठेवून बसलो तर पोरं आली, कारण त्यांनाही दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. वेगवेगळ्या पक्षांची, वेगवेगळ्या आळ्यांची. पहिला तासभर कुणी बोलेना. मग एकजण म्हणाला की मेलेल्या पोराचं वय आपल्यापेक्षा फार नव्हतं. दुसरा म्हणाला, पण त्या मजकुराचं काय? मग त्यांची चांगलीच जुंपली. आवाज चढले. मी मधे पडलो नाही, फक्त चहा सांगितला. माझं लक्ष एका गोष्टीकडे होतं: समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागत होतं, कारण स्क्रीन सरकवायची सोय नव्हती. एकाने दुसऱ्याला विचारलं, तुझ्या वर्गात कोण मुसलमान पोरगं होतं का? होतं. तो आता काय करतो? माहीत नाही. ते पोरगं पाचवीपासून दहावीपर्यंत त्याच्या शेजारच्या बाकावर होतं.

त्यानंतर मी दुकानात एक नियम केला. कुठल्याही जातीचा, धर्माचा किंवा कुणाच्या आईबहिणीचा अपमान असेल ते काम होणार नाही. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत. मोबाइलवर ती पोरं ते स्वतःही बनवू शकतात, हे मला कळतं. पण ‘पेंटरकाकांनी नाही म्हटलं’ हे घरी सांगावं लागतं, तेव्हा घरातलं कुणीतरी विचारतं की का नाही म्हटलं.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय हे अर्धं राहील. माझ्याकडे डिझाईनचं काम एक मुलगी करते, बीएला आहे. आमच्या आमदारापासून वॉर्डातल्या उमेदवारापर्यंत सगळ्यांचे फोटो तिला तोंडपाठ, कुणाचा कुठल्या गटाशी वाद आहे तेही माहीत, कारण कुणाचे फोटो शेजारी चालणार नाहीत हे तिलाच सांभाळावं लागतं. तिच्या स्वतःच्या स्टेटसवर मी राजकारणाचं एक अक्षर पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, “काका, मी एकदा रस्त्याच्या खड्ड्याचा फोटो टाकला होता. रात्री अनोळखी नंबरवरून चार मेसेज आले. आईने फोन काढून घेतला.” तिने खड्ड्याबद्दल लिहिलं आणि उत्तर तिच्या चारित्र्याबद्दल आलं. स्थानिक संस्थांत बायकांना पन्नास टक्के आरक्षण २०११ पासून आहे. सरपंचबाईंच्या अभिनंदनाचा फ्लेक्स असला तर नवऱ्याचा फोटो तेवढाच मोठा ठेवायला सांगतात, कधी जास्त मोठा. मूक मोर्च्यांत स्टेजवरून मुलीच बोलायच्या, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन मुलीच द्यायच्या. त्या आता पंचविशी-तिशीत असतील. फोनवरच्या राजकारणात त्या कुठे आहेत, हे मी शोधत असतो.

आता शेवटी एका पोराची गोष्ट. पोलीस भरतीची तयारी करणारा, आमच्याच बाजूच्या एका छोट्या गावातला. नेत्याच्या वाढदिवसाचं स्टेटस बनवायला आला होता. बोलता बोलता मी त्याला ई-ग्रामस्वराजची साइट उघडून दिली. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडलं की ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो, पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठे गेला तेही. तो वाढदिवस विसरला. तासभर तिथेच बसून स्क्रीनशॉट काढत राहिला. पथदिव्यांचं बिल होतं, दिवे खरंच बसलेले होते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटचं बिल होतं, प्लांट मात्र बंद. त्याने ते स्क्रीनशॉट स्टेटसला लावले, खाली एकही शिवी नाही, टोमणा नाही, फक्त कामाचं नाव आणि रक्कम. माझ्या अंदाजाने ते कुणी बघणार नव्हतं. गावातल्या जवळजवळ सगळ्यांनी बघितलं, कारण प्लांट त्यांच्या रोजच्या वाटेवर होता.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला तो मित्रांना घेऊन गेला. मी मुद्दाम बघायला गेलो. ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली कमी असेल ती गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी लागते. ती झाली नाही की सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून कित्येक गावांत पहिली सभा तहकूबच होते आणि नंतर मोजक्या माणसांत कागद पुरे केले जातात. त्या दिवशी माणसं भरली. पोराचा आवाज कापत होता. त्याने विचारलं, प्लांट कधीपासून बंद आहे आणि का. सरपंच चिडले नाहीत, ते म्हणाले चालवायला माणूस नाही, पगाराची तरतूद नाही. मग खरी चर्चा झाली: पाणीपट्टी किती वाढवायची, कुणी चालवायचा, बचत गटाला द्यायचा का. एका आजींनी सांगितलं की महिला सभेत हाच विषय आधी निघाला होता आणि कुणी लिहून घेतला नव्हता. या वेळी प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहून घेतला. ठराव बचत गटाच्या बाजूने झाला. पोराचं मत वेगळं होतं, त्याला ठेका द्यावा असं वाटत होतं. तो हरला आणि सभा संपेपर्यंत बसून राहिला.

परवा तो परत आला, दोन बाय तीनचा फ्लेक्स छापायला. चावडीच्या भिंतीवर लावायचा आहे, ग्रामपंचायतीची परवानगी घेतली म्हणाला. कुणाचा फोटो नाही. पाच रकाने: काम, कुठल्या निधीतून, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, कामाची आजची स्थिती. मी ते कोरलड्रॉमध्ये बसवलं आहे आणि पिक्सेललॅबचीही फाईल केली आहे. खटाव, माण, कोरेगाव, कुठल्याही तालुक्यातल्या पोरांना किंवा मुलींना आपल्या गावासाठी पाहिजे असेल तर दुकानात या, नाव न विचारता फाईल देईन. रकाने भरायला साइटवर कुठे काय बघायचं तेही शेजारी बसून दाखवीन.